माझ्याच दुकानातल्या गोळ्या

कराडात माझं औषधांचं दुकान आहे. कुठली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, हे मी डी.फार्म.ला शिकलो, परवाना घेताना पुन्हा वाचलं आणि काउंटरवरून गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं ऐकवलं. चिठ्ठीशिवाय औषध नेणारं माझ्या दुकानातलं सगळ्यात नेमाचं गिऱ्हाईक मात्र मीच होतो. वजन कमी करायच्या गोळ्या मी अशाच घेतल्या. बिल नाही, चिठ्ठी नाही, विचारणारं कुणी नाही. फळीवर हात गेला की झालं.

हे लिखाण गोळ्यांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. आज मी एक गोळी रोज घेतो, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि वजन ताब्यात ठेवायला तिचा मला उपयोग होतोय. वजनाच्या औषधांना सरसकट फसवणूक म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही आणि ‘गोळी घ्या, बारीक व्हा’ म्हणणाऱ्यांशीही नाही. गोळी किती काम करते आणि कुठे थांबते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. त्या वर्षांत मी स्वतःचं नुकसान केलंच, पण एका बाईंचंही केलं असतं. ते सगळं सांगायचं आहे.

दुकानदाराच्या पोटाला वेळापत्रक नसतं. सकाळी चहा-बिस्किटावर शटर वर करायचं. अकराला स्टॉकिस्टचा माणूस माल घेऊन येणार, बारानंतर गर्दी. घरून आलेला डबा तीनला उघडायचा, तोही एका हातानं स्ट्रिपा कापत. संध्याकाळी दवाखाने सुरू झाले की चिठ्ठ्यांचा लोंढा, त्यात शेजारच्या गाड्यावरची भजी, आणि औषध कंपनीचा कुणी एमआर आला की त्याच्याबरोबर चहा. रात्री दहाला शटर ओढून घरी गेलो की खरं जेवण: भाकरी, कालवण, वर भात. तासाभरात झोप. चाळिशी गाठेपर्यंत काटा शंभराला टेकत आला होता. वडिलांना मधुमेह होता, त्यांचं इन्सुलिन मीच फ्रीजमधून काढून द्यायचो. तरी स्वतःच्या पोटाकडे बघून ‘बैठा धंदा आहे, व्हायचंच’ असं म्हणून मोकळा व्हायचो.

साधारण २००६-०७चा काळ. सिब्युट्रामिन नावाचं औषध तेव्हा जोरात होतं. अमेरिकेत ते १९९७ साली आलं. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या ते आपापल्या नावानं विकत. मुळात नैराश्यावरचं औषध म्हणून त्याचा शोध सुरू झाला होता. त्या कामी ते चाललं नाही, पण घेणाऱ्यांचं वजन उतरतं असं दिसलं. मेंदूत सेरोटोनिन आणि नॉरएड्रेनॅलिन ही दोन रसायनं त्याच्यामुळे जास्त वेळ टिकतात आणि थोडक्यात पोट भरल्यासारखं वाटतं. याच नॉरएड्रेनॅलिनमुळे नाडी जलद होते आणि रक्तदाबही चढतो. म्हणून औषध देण्याआधी रक्तदाब बघायचा, दिल्यावर पुन्हा पुन्हा बघायचा. हृदयविकार असेल किंवा रक्तदाब ताब्यात नसेल तर द्यायचंच नाही. पहिल्या चार आठवड्यांत दोनेक किलोही उतरले नाहीत, तर औषध पुढे चालू ठेवायचं का याचा विचार करायचा. हे सगळं खोक्यातल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेलं असे. आमच्या धंद्यात तो कागद खोकं उघडल्याबरोबर टोपलीत जातो.

एका एमआरनं सॅम्पल ठेवलं. म्हणाला, “शेठ, आधी स्वतः घेऊन बघा, मग बोला.” मी घेऊन बघितलं.

आठवड्याभरात डबा अर्धा परत जायला लागला. भज्यांचा वास यायचा, पण उठावंसं वाटायचं नाही. तोंडाला सारखी कोरड पडायची, पोट साफ व्हायचं नाही, रात्री बारा-एकपर्यंत डोळा लागायचा नाही. छातीत मधूनच धडधड व्हायची, ती मी चहावर ढकलली. दुकानात विकायला ठेवलेली रक्तदाब मोजायची यंत्रं माझ्या पाठीमागच्याच फळीवर होती. त्यातलं एक काढून दंडाला लावायला दोन मिनिटं पुरली असती. लावलं नाही, कारण आकडा जास्त आला तर गोळी बंद करावी लागेल हे मला माहीत होतं. न कळणं वेगळं आणि कळू न देणं वेगळं. माझं दुसरं होतं.

सहाएक महिन्यांत नऊ किलो उतरले. शर्टाची बटणं लागायला लागली, पट्ट्याला आत एक नवं भोक पाडून घेतलं. येणारे-जाणारे म्हणायला लागले, “काय शेठ, एकदम हिरो!” बायको मात्र म्हणाली, “अहो, तुम्ही बारीक नाही दिसत, आजारी दिसताय.” तिचं बरोबर होतं. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. नीट प्रथिनं खाल्ली आणि थोडं वजन उचललं तर ते नुकसान कमी होतं. मी दोन्ही करत नव्हतो. सकाळचं खाणं बंदच केलं होतं, कारण भूकच नव्हती. चालणं नव्हतंच. जेवण रात्री अकरालाच होतं, फक्त ताटात कमी पडत होतं. माझ्या आयुष्यात एवढा एकच बदल झाला होता, आणि तोही मी केला नव्हता, गोळीनं केला होता.

ही गोष्ट किती मोठी आहे हे दाखवणारा एक अभ्यास २००५ सालीच अमेरिकेत प्रसिद्ध झाला होता. मी तो फार उशिरा वाचला. याच सिब्युट्रामिनवर, २२४ लठ्ठ माणसांचे गट करून वर्षभर काम केलं होतं. नुसती गोळी घेणाऱ्यांचं वजन सरासरी ५ किलोंनी उतरलं. गोळी न घेता, गटात बसून खाण्याच्या आणि चालण्याच्या सवयी बदलणाऱ्यांचं ६.७ किलोंनी. दोन्ही करणाऱ्यांचं १२.१ किलोंनी. म्हणजे नुसत्या गोळीपेक्षा नुसत्या सवयी भारी पडल्या आणि दोन्ही एकत्र आल्या तेव्हा बेरीज झाली. या शेवटच्या गटातही, जे रोज काय खाल्लं ते नेमानं लिहून ठेवत, त्यांचे १८ किलो उतरले. जे लिहायची टाळाटाळ करत, त्यांचे आठाच्या आतच. गोळी दोघांची सारखीच होती.

बारीक झालेला औषधवाला ही त्या औषधाची सगळ्यात मोठी जाहिरात असते. लोक विचारायला लागले आणि मी सांगायला लागलो. सुरुवातीला मित्रांना, मग ओळखीच्यांना, मग ओळखीच्यांच्या ओळखीच्यांना. नफा होता हे खरं आहे. दहा स्ट्रिपांवर एक फुकट अशी स्कीमही असायची. पण नफ्यापेक्षा जास्त मला ते ‘शेठनं सांगितलं’ आवडायचं. शिकलो होतो औषध द्यायला, हौस होती डॉक्टर व्हायची.

आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक ताई होत्या. दिवसभर मशीनवर बसून त्यांचंही वजन वाढलं होतं, गुडघे दुखत होते. एकदा त्या म्हणाल्या, “दादा, तुम्ही घेता तीच द्या मला. मुलीच्या लग्नाआधी थोडी तरी उतरते.” मी दिली. त्या दर महिन्याला माझ्याच दुकानातून रक्तदाबाच्या गोळ्या नेत होत्या. त्यांची रक्तदाबाची स्ट्रिप आणि ही स्ट्रिप मी एकाच पिशवीत घातली.

तीन आठवड्यांनी दुपारी दुकानाचा फोन वाजला. गावातल्या एका फिजिशियन बाई बोलत होत्या.

“या पेशंटला सिब्युट्रामिन कुणी लिहून दिलं?”

मी गप्प.

“चिठ्ठी आहे का तुमच्याकडे?”

“नाही मॅडम.”

“त्यांना चक्कर येऊन त्या पडल्यात. वरचं प्रेशर एकशे नव्वद आहे. मी औषध बंद केलंय. तुम्ही काय बंद करणार ते तुम्ही ठरवा.”

ताई बऱ्या झाल्या. मुलीचं लग्नही नीट पार पडलं. त्या कुणाकडे तक्रार करायला गेल्या नाहीत. उलट दोन महिन्यांनी दुकानात आल्या तेव्हा म्हणाल्या, “तुमचा काय दोष दादा, मीच मागितली.” हे ऐकताना मला बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याची लाज मला आजही वाटते. मागणारा मागणारच. काउंटरच्या या बाजूला शिकलेला माणूस बसवायचा, तो नाही म्हणण्यासाठीच.

त्या दिवशी मी गोळ्या देणं थांबवलं आणि घेणंही. मनात हिशेब असा, की नऊ किलो उतरलेत, कोर्स पूर्ण झाला. औषधवाल्याच्या डोक्यात सगळी औषधं कोर्सच्या मापानं बसलेली असतात. पाच दिवस अँटिबायोटिक, तीन महिने लोहाची गोळी, सहा महिने क्षयरोगाची औषधं. कोर्स संपला की रोग संपला. लठ्ठपणाही तसाच निघून जाईल असं मी धरून चाललो होतो. पण सगळी भूक परत आली, आणि मला तर ती आधीपेक्षा जास्तच वाटली. वर्षाच्या आत नऊ किलो परत चढले, वर आणखी दोन-तीन. जाताना स्नायूही गेले होते, येताना बहुतेक चरबीच आली.

तेव्हा मी स्वतःला बराच बोल लावला: जिभेवर ताबा नाही, मनाचा कमकुवत. ते सगळं खरं नव्हतं. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार देऊन वजन उतरवलं आणि पुढे वर्षभर त्यांच्या रक्तातली भुकेशी संबंधित संप्रेरकं मोजली. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटलेलं होतं, भूक चाळवणारं घ्रेलिन वाढलेलं होतं, आणि वर्षानंतरही ती पूर्वीच्या जागी आली नव्हती. वजन उतरलं की शरीर ते उपासमार म्हणून नोंदवतं आणि भरपाई मागत राहतं. औषध सुरू असताना ही मागणी दाबलेली राहते, बंद केलं की ती वर येते. त्या वेळी खाण्याची, झोपेची, चालण्याची नवी घडी बसलेली नसेल, तर माणूस जुन्याच घडीत जाऊन पडतो. माझ्याकडे जुनीच घडी होती.

सिब्युट्रामिनचं पुढे काय झालं ते धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे दहा हजार लोकांवर मोठी चाचणी झाली. जानेवारी २०१०मध्ये युरोपनं औषध थांबवलं, ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ते बाजारातून काढून घेतलं गेलं, आणि फेब्रुवारी २०११मध्ये आपल्याकडे बंदी आली. त्या चाचणीत नुसती नावाची गोळी घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा तत्सम गंभीर घटना झाली होती. खरं औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ११.४ टक्के निघालं. औषधाची बाजू घेणारे म्हणाले, की चाचणीतल्या बऱ्याच जणांना हे औषध खरं तर द्यायचंच नव्हतं, कागदावर तसं लिहिलेलं आहे. मुद्दा बरोबर आहे. पण तो कागद टोपलीत टाकून मी ज्या बाईंना औषध दिलं, त्याही ‘द्यायचंच नाही’ याच यादीतल्या होत्या. कागदावरचे नियम काउंटरवर टिकत नाहीत, हे मी पुराव्यासकट सांगू शकतो.

उरलेला माल खोक्यात भरून मी स्टॉकिस्टकडे परत पाठवला. त्याआधी रिमोनाबँट नावाचं औषध असंच आलं आणि गेलं होतं. युरोपात ते २००६ साली आलं आणि घेणाऱ्यांत नैराश्य, आत्महत्येचे विचार वाढतात म्हणून २००८ साली थांबवलं गेलं. भारतात २००९ साली बंदी. त्याच्याही आधी फेनफ्लुरामिन. ते दुसऱ्या एका गोळीबरोबर अमेरिकेत लाखो लोक घेत होते. हृदयाच्या झडपा खराब होतात असं दिसल्यावर १९९७ साली ते मागे घेतलं गेलं. सगळ्यात जुनी हकीकत १९३३ सालची. डायनायट्रोफेनॉल हे रसायन वजन उतरवायला म्हणून अमेरिकेत खुलेआम विकलं जायला लागलं. ते शरीराची भट्टी नुसती पेटती ठेवतं. काही जण तापानं फणफणून मेले, कित्येकांना तरुणपणी मोतीबिंदू झाला, आणि १९३८च्या कायद्यानंतर ते बंद झालं. हा सगळा इतिहास पहिलं सॅम्पल उघडताना मला माहीत असता, तर मी निदान रक्तदाबाचं यंत्र तरी दंडाला लावलं असतं असं वाटतं. खात्री देत नाही.

कारण एवढं होऊनही मी शहाणा झालो नव्हतो. बंदीनंतर ‘संपूर्ण वनौषधी’ म्हणवणाऱ्या कॅप्सूल बाजारात दिसायला लागल्या. रसायन नाही म्हणजे धोका नाही, चिठ्ठीचीही गरज नाही, असं म्हणून मी एक डबी सुरू केली. चौथ्या दिवशी तोंडाला कोरड पडली. तीच कोरड, तीच उडालेली झोप. माझ्या जिभेला ती पाठ होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा अनेक ‘नैसर्गिक’ उत्पादनांत लपवलेलं सिब्युट्रामिन पकडून इशारे दिले आहेत. मी घेतली त्यात तेच होतं का, हे सांगता येणार नाही, कारण मी ती तपासायला दिली नाही. डबी कचऱ्यात टाकली आणि गप्प बसलो. नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे द्यायला हवा होता. ते केलं नाही, कारण मग मी ती कुठून घेतली, का घेतली, हेही सांगावं लागलं असतं.

पुढची पाळी ऑर्लिस्टॅटची. हे औषध मेंदूकडे जातच नाही. आतड्यात चरबी पचवणाऱ्या विकराला ते अडवतं, आणि जेवणातली साधारण तीस टक्के चरबी न पचता बाहेर पडते. हृदयाला धोका नाही, म्हणून मी निर्धास्त झालो आणि औषधाचा अर्थ मला हवा तसा लावला: तेलकट खायचं, वर गोळी घ्यायची, हिशेब मिटला. ज्यांनी हे औषध घेतलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दिवाळीत चकली, करंजी आणि चिवडा यथेच्छ हाणून मी पांढऱ्या लेंग्यात भाऊबिजेला बहिणीकडे गेलो. न पचलेलं तेल येताना विचारत नाही. ओवाळणी अर्धवट टाकून मला घरी यावं लागलं. बहिणीला अजून खरं कारण माहीत नाही. आता हे छापून आल्यावर कळेल.

यातही दोष औषधाचा नव्हता. ते घेताना जेवणातली चरबी कमी ठेवायची असते आणि तेलकट खाल्लं की काय होतं हा एक प्रकारे त्याचा धडाच असतो. माझ्या ताटातला भात, बटाटा, चहातली साखर यांना ते हातही लावत नव्हतं. अ, ड, ई, के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वंही काही प्रमाणात वाया जातात, म्हणून जीवनसत्त्वांची गोळी वेगळ्या वेळी, झोपताना घ्यावी लागते. तीही मी घेत नव्हतो. स्वीडनमध्ये हे औषध तीन हजारांहून जास्त लोकांना चार वर्षं देऊन पाहिलं आहे. आहार-व्यायामाबरोबर ते घेणाऱ्यांचं वजन चार वर्षांनी ५.८ किलोंनी कमी होतं, नुसत्या आहार-व्यायामावर असणाऱ्यांचं ३ किलोंनी. मधुमेहाचं प्रमाणही ९ टक्क्यांवरून ६.२ टक्क्यांवर आलं. फार नाही, पण खोटं नाही. हा असा साधा, चिवट फायदा घ्यायला चार वर्षं नेमानं राहावं लागतं. मी दिवाळीनंतर गोळी बंद केली.

पन्नाशीत मला मधुमेह निघाला. तेव्हा मी त्याच फिजिशियन बाईंकडे गेलो. मुद्दाम. ज्या डॉक्टरांनी मला फोनवर गप्प केलं होतं, त्यांच्यासमोर खोटं बोलता येणार नाही असं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी वजनासाठी पेशंट म्हणून खुर्चीत बसलो. आजवर घेतलेल्या गोळ्यांची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे लिहून घेतली. मग विचारलं, “सिब्युट्रामिन घेत होतात तेव्हा रात्री किती वाजता जेवायचात?”

“अकराला.”

“आणि ऑर्लिस्टॅट घेत होतात तेव्हा?”

“अकरालाच.”

“म्हणजे गोळ्या बदलल्या. तुमचं काय बदललं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी कंबर मोजली, रक्तदाब घेतला, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड सगळं तपासून घेतलं, मी घोरतो का हे बायकोला विचारलं. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८०च्या वर गेली की धोका धरतात. माझी कितीतरी पुढे गेली होती. पहिले काही महिने त्यांनी मधुमेहाचं साधं औषध दिलं आणि वजनासाठी गोळी दिली नाही. कामं दिली. जेवण रात्री साडेआठला, मग दुकानात कुणीतरी बसवा. पुतण्या तेवढा वेळ बसायला लागला. सकाळी काहीतरी प्रथिनांचं, म्हणजे मोडाची उसळ किंवा अंडी. सकाळी चालणं, आठवड्यातून दोन-तीनदा डंबेल. दर सोमवारी वजन. आणि खाल्लेलं सगळं लिहायचं. एमआर लोक दर जानेवारीला देतात त्या डायऱ्या माझ्याकडे ढिगानं पडल्या होत्या. पहिल्यांदाच त्या कामी आल्या.

चालायला मी प्रीतिसंगमावर जातो. कृष्णा-कोयनेच्या घाटावर पहाटे चालणारे निम्मे लोक माझी गिऱ्हाइकं निघाली. त्यांच्यात बोलताना कळलं, की ज्यांचं वजन उतरून खरोखर टिकलंय त्यांच्याकडे गुपित वगैरे काही नाही. अमेरिकेत १९९४पासून अशा लोकांची एक नोंदवही ठेवली जाते. किमान तेरा-चौदा किलो उतरवून वर्षभर टिकवलेले लोकच तिच्यात येतात. त्यांच्या सवयी बघितल्या तर त्याच निघतात: रोज तासभर हालचाल, सकाळची न्याहारी, नेमानं वजन बघणं, आणि सुट्टीच्या दिवशीही खाण्याची तीच शिस्त.

घडी थोडी बसल्यावर डॉक्टरबाईंनी तोंडानं घ्यायचं सेमाग्लुटाइड सुरू केलं. भारतात ही गोळी २०२२ साली आली, ती मधुमेहासाठी. भूक कमी होऊन वजनही उतरतं, म्हणून माझ्यासारख्याला दुहेरी उपयोग. उपाशीपोटी, जेमतेम अर्धा कप पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास काही नाही, चहासुद्धा नाही. हळूहळू मात्रा वाढवायची. सुरुवातीला मळमळ झाली, बद्धकोष्ठ झाला, ते त्यांना सांगून निभावलं. सुरू करण्याआधी त्यांनी घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, हे विचारलं होतं. भूक पुन्हा शांत झाली. पण या वेळी त्या शांततेत काय करायचं ते मला माहीत होतं. बारा किलो उतरले आणि तीन वर्षं तिथेच आहेत, एखाद-दुसरा इकडेतिकडे.

मी त्यांना विचारलं, “मॅडम, ही बंद कधी करायची?” त्या म्हणाल्या, “रक्तदाबाची गोळी कधी बंद करायची असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगता?” सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनवरची मोठी चाचणी मी आता स्वतः वाचली आहे. ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. औषध आणि बरोबरचं मार्गदर्शन दोन्ही बंद केल्यावर एका वर्षात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत आलं. इतकं ताकदवान औषधही बंद केल्यावर राखण करत नाही. म्हणजे एक तर ते दीर्घकाळ घ्यायची तयारी हवी, खर्चाचीही, नाहीतर डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू उतरवताना सवयींचा भार पेलेल इतकी घडी पक्की हवी. तिसरा रस्ता मला या सगळ्या वर्षांत दिसलेला नाही.

२०२५ साली वजनासाठीची नवी इंजेक्शनं भारतात आली, मार्चमध्ये टिर्झेपाटाइड आणि जूनमध्ये सेमाग्लुटाइड. सेमाग्लुटाइडचं पेटंट इथे मार्च २०२६पर्यंतचंच, आणि स्वस्त आवृत्त्यांसाठी देशी कंपन्या आधीपासून तयारीला लागलेल्या. काउंटरवर रोज कुणीतरी विचारतं: “ते वजनाचं इंजेक्शन आहे का? लग्न आहे दोन महिन्यांनी.” चिठ्ठी विचारली की नाराज होऊन पुढच्या दुकानात जातात. माझ्या धंद्यातल्या भावांना एवढंच सांगतो: अशा गिऱ्हाइकाला पुढच्या दुकानातूनही परत जावं लागलं पाहिजे. ही औषधं सिब्युट्रामिनपेक्षा खूप चांगली आहेत, म्हणूनच ती आपल्या हातानं नासवू नका.

आणि तुम्ही घेणार असाल, तर चिठ्ठी लिहून घेताना डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. हे औषध मला किती काळ घ्यावं लागेल? बंद केल्यावर काय होईल? आणि औषध चालू असताना मी स्वतः काय बदलायचं? या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत पहिली गोळी घेऊ नका. गोळी भुकेपासून थोडी सवड देते. त्या सवडीत जे उभं कराल तेवढंच पुढे टिकेल.